मॅडम, मी बाहेर कधी पडू?

गेल्या अंकात क्लचबद्दल लिहिताना शेवटी मी सहज विचारलं होतं, गाडी चालवताना तुम्हाला सगळ्यात जास्त घाम कुठे फुटतो? मला वाटलं, लोक घाट लिहितील, पाऊस लिहितील, रात्री डोळ्यांवर येणारे समोरचे दिवे लिहितील. पत्रं आली ती जवळजवळ सगळी गोल चौकाची. कुणी त्याला सर्कल म्हणतं, कुणी रोटरी, एका वाचकाने तर सरळ ‘भोवरा’ लिहिलंय. २६ वर्षं शिकवतेय, पण या एका गोष्टीला इतके लोक इतके घाबरतात हे मला पत्रं वाचेपर्यंत माहीत नव्हतं. माझ्या गाडीत बसणारे घाबरले तर मला कळतं, कारण ते स्टिअरिंग असं धरतात की बोटं पांढरी पडतात. तुमची बोटं मला दिसत नाहीत. तेव्हा या वेळचं सगळं सदर गोल चौकाला.

प्रश्न : ५२व्या वर्षी लायसन्स काढलं. परवा पाच रस्त्यांच्या मोठ्या सर्कलला आतल्या लेनमध्ये शिरले आणि बाहेरच पडता येईना. डावीकडे सारखी कुणीतरी असायचं. चार फेऱ्या झाल्या. मागच्या सीटवर मुलगी हसून हसून व्हिडिओ काढत होती. आता मी तो चौक टाळून लांबून जाते. — चार फेऱ्यावाली

तो व्हिडिओ मुलीला जपून ठेवायला सांगा आणि एकदा शांतपणे बघा. चार फेऱ्यांत तुम्ही मध्येच थांबलात का? घाबरून कुणाच्या पुढ्यात गाडी घातलीत का? नाही ना? मग तुम्ही चौकात काहीच चुकला नाहीत. फाटा हुकला तर आणखी एक वळसा घ्यायचा, हेच बरोबर. सरळ रस्त्यावर वळण हुकलं तर मैलभर पुढे जाऊन यू-टर्न शोधावा लागतो. इथे ते वळण दुसऱ्या फेरीत पुन्हा समोर येतं. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी मोठ्या सर्कलला पहिल्या दिवशी मुद्दाम दोन जास्तीच्या फेऱ्या मारायला लावते. त्यांना हे उगाचच वाटतं, पण तिसऱ्या फेरीला खांदे खाली येतात.

तुमची चूक चौकाच्या आधीच झालेली होती, साधारण पन्नास मीटर आधी. तुम्ही कुठल्या लेनने आत शिरायचं हे ठरवलंच नव्हतं, मोकळी दिसली त्या लेनमध्ये शिरलात. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालवतो, म्हणून सर्कलमध्ये सगळे घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतात. तेव्हा घड्याळच डोळ्यांसमोर आणा. तुम्ही सहाच्या आकड्यावरून येताय. नऊवर किंवा बारावर जायचं असेल तर डावी लेन, म्हणजे बाहेरची. बाराच्या पुढे, तीनकडे जायचं असेल किंवा परत फिरायचं असेल तरच उजवी, आतली. रस्त्यावर बाण रंगवलेले असतील तर माझं घड्याळ विसरा आणि बाणांचं ऐका. पाच फाट्यांच्या चौकात आकडे नीट जमत नाहीत, पण ‘समोरच्या रस्त्याच्या अलीकडे की पलीकडे’ एवढं विचारलं तरी पुरतं.

आता आतल्या लेनमधून बाहेर कसं यायचं. तुमच्या फाट्याच्या आधीचा फाटा ओलांडलात की लगेच डावा इंडिकेटर, डावा आरसा, मग मान वळवून डाव्या खांद्यावरून एक नजर, आणि जागा असेल तर बाहेर. बहुतेक जण हे सगळं स्वतःचा फाटा दिसल्यावर सुरू करतात. तोवर उशीर झालेला असतो, कारण फाटा दिसल्यापासून सुटेपर्यंत दोन-तीन सेकंदच मिळतात. म्हणून आधीचा फाटा मोजा, तुमचा नाही.

आणि ‘डावीकडे सारखी कुणीतरी असतं’ याबद्दल. त्या कुणाचं पुढे काय होणार आहे हे तुम्हाला आधी कळू शकतं. इंडिकेटरवर जाऊ नका. अर्ध्या लोकांचा लागलेलाच नसतो आणि काहींचा सकाळपासून चालू राहिलेला असतो. पुढचं चाक बघा. गाडी बाहेर पडणार असेल तर बॉनेट फिरायच्या आधी पुढचं चाक डावीकडे वळतं. ते अगदी थोडं असतं, पण टायरच्या कडेची रुंदी बदललेली दिसते. मी विद्यार्थ्यांना पंधरा मिनिटं गाडीबाहेर, सर्कलच्या फुटपाथवर उभं करते. येणाऱ्या प्रत्येक गाडीचं चाक बघून ओरडायचं : ‘बाहेर’ किंवा ‘पुढे’. सुरुवातीला निम्मे अंदाज चुकतात. पंधरा मिनिटांनी दहात आठ बरोबर यायला लागतात, आणि येणारेजाणारे आम्हाला वेडं समजून बाजूने जातात ते वेगळंच. मुलीला घेऊन हा खेळ खेळा. या वेळी व्हिडिओ तुम्ही काढा.

प्रश्न : ३५ वर्षं गाडी चालवतोय. सर्कलला आधी कोण, यावरून मित्रमंडळींत वाद झाला. एक म्हणतो सरळ जाणारा आधी, दुसरा म्हणतो आत शिरणारा आधी, कारण त्याच्या मागे रांग लागलेली असते. माझा अनुभव सांगतो, मोठी गाडी आधी. — एक निवृत्त वाचक

काका (वय तुम्हीच लिहिलंय म्हणून काका म्हणते), तुमच्या अनुभवाशी मी वाद घालत नाही. पण नियम विचारलात तर आधी आतला. जो सर्कलमध्ये फिरतोय त्याला आधी जाऊ द्यायचं, आणि तो आपल्याकडे उजवीकडून येतो म्हणून शिरताना उजवीकडे बघायचं. सरळ जाणारा, वळणारा, मोठा, छोटा, काही फरक नाही.

तुमच्या दुसऱ्या मित्राचं म्हणणं मात्र अगदीच बिनबुडाचं नाही, कारण जगात कितीतरी वर्षं तसंच चालायचं. चौकाभोवती सगळ्यांनी एकाच दिशेने फिरायचं, ही कल्पना न्यूयॉर्कच्या कोलंबस सर्कलला १९०५ मध्ये राबवली गेली. पण एकाच दिशेने फिरायचं म्हणजे आधी कोण, हे काही ठरत नाही. अमेरिकेतल्या जुन्या सर्कलमध्ये बऱ्याच ठिकाणी शिरणाऱ्याला मान होता. वाहनं कमी होती तोवर चाललं. गर्दी वाढली आणि चौक कुलूपबंद व्हायला लागले. कसे ते बघा. आत फिरणारा शिरणाऱ्यासाठी थांबतो. तो थांबला की त्याच्या मागचा थांबतो, आणि त्या मागच्याचं बूड अलीकडच्या फाट्याच्या तोंडावर अडकतं. त्या फाट्याने ज्याला बाहेर पडायचंय तोही आता थांबला. बाहेरचे रस्ते रिकामे, पण तिथपर्यंत कुणी पोहोचूच शकत नाही. सगळे एकमेकांची शेपटी धरून उभे. अशा चौकांना कंटाळून अमेरिकेत नवी सर्कल बांधणंच जवळजवळ थांबलं होतं.

ब्रिटनने १९६६ मध्ये नियम उलटा केला : शिरणाऱ्याने थांबायचं, आतल्याला जाऊ द्यायचं. त्या एका बदलाने आतलं वर्तुळ आपोआप रिकामं होत राहतं, आणि रांग लागलीच तर ती बाहेर, शिरणाऱ्या रस्त्यावर लागते, जिथे ती कुणाला अडकवून ठेवत नाही. आजचे गोल चौक जगभर याच नियमावर उभे आहेत. फ्रान्सनेही १९८०च्या दशकात बहुतेक ठिकाणी तो घेतला, पण पॅरिसच्या आर्क द ट्रिऑम्फभोवती अजून जुनीच रीत आहे. तिथे १२ रस्ते येऊन मिळतात, लेनच्या रेषा नाहीत, आणि आत फिरणाऱ्याने उजवीकडून शिरणाऱ्यासाठी थांबायचं. ते लोक उजव्या बाजूने चालवतात, म्हणून शिरणारा उजवीकडून येतो. तुमच्या त्या मित्राला पॅरिसला पाठवा. तिथे तो बरोबर ठरेल.

मोठ्या गाडीबद्दल : मोठ्या गाडीला मी नेहमी आधी जाऊ देते. नियम म्हणून नाही, मला घरी जायचं असतं म्हणून.

प्रश्न : मुलगा इंग्लंडमध्ये स्विंडनला असतो. आम्ही दोघं महिनाभर जातोय आणि यांना तिथे गाडी चालवायची हौस आहे. मुलाने तिथल्या ‘मॅजिक राउंडअबाउट’चा फोटो पाठवलाय. त्यात एका सर्कलभोवती पाच सर्कल दिसतात. हे खरं आहे का? यांना कसं थांबवू? — काळजीवाहू

खरं आहे, आणि थांबवू नका. बाजूला बसून नकाशा तुम्ही धरा.

हा चौक १९७२ मध्ये सुरू झाला. फ्रँक ब्लॅकमोर नावाच्या वाहतूक अभियंत्याची ही करामत. पाच रस्ते येऊन मिळतात, प्रत्येक रस्त्याच्या तोंडाशी एक छोटं सर्कल, आणि पाचांच्या मध्ये एक मोठं. छोट्या सर्कलमध्ये वाहनं नेहमीसारखी घड्याळाच्या दिशेने फिरतात, पण मधल्याभोवती उलट्या दिशेने. फोटोत बघून जीव दडपतो तो या उलट्यामुळे. पण पाच दातेरी चाकं मधल्या एका चाकाभोवती बसवलीत असं समजा. बाहेरची सगळी एका दिशेने फिरली की मधलं उलटंच फिरणार ना? तसंच आहे ते.

उलटं फिरवण्याचा फायदा असा की, ज्याला उजवीकडच्या रस्त्याला जायचंय त्याला सगळं वर्तुळ फिरून यावं लागत नाही, उलट्या बाजूने जवळचा रस्ता मिळतो. ज्याला तो रस्ता नको असेल त्याने बाहेरबाहेरून, एकामागून एक छोटी सर्कल पार करत नेहमीच्या दिशेने जावं. दोन्ही चालतं. एकाच ठिकाणी जायचे दोन बरोबर रस्ते असले की नवखा माणूस भांबावतो, बाकी त्यात काही नाही.

यांना एवढंच सांगा : चौकाकडे बघूच नका. समोरच्या एका छोट्या सर्कलकडे बघा. तुटक रेषेपाशी आलात की उजवीकडे बघायचं, मोकळं असेल तर शिरायचं, पाटीच्या दिशेने बाहेर पडायचं. पुढे पुन्हा तुटक रेषा येईल, पुन्हा तेच. पाच चौक एकदम सोडवायचे नसतात, एकच चौक दोन-तीनदा सोडवायचा असतो. ते लोकही डाव्या बाजूने चालवतात, त्यामुळे निम्मी काळजी तशीही मिटली. तिथे गर्दीच्या वेळी सगळे हळू असतात, कारण जोरात जायला जागाच नाही. पहिल्यांदा रविवारी सकाळी जा. आवडलं तर हेमेल हेम्पस्टेडला सहा छोट्या सर्कलवाला असाच चौक आहे, १९७३ सालचा. पण सहावं सर्कल बघायला तुम्ही मुद्दाम जाल असं मला वाटत नाही.

प्रश्न : इंडिकेटर नक्की कधी द्यायचा? प्रत्येक जण वेगळं सांगतो.

डावीकडच्या पहिल्याच फाट्याने जायचं असेल तर शिरण्याआधीपासून डावा. सरळ जायचं असेल तर शिरताना काहीच नाही, आधीचा फाटा मागे पडला की डावा. उजवीकडे जायचं किंवा परत फिरायचं असेल तर शिरताना उजवा, आणि आधीचा फाटा मागे पडला की डावा. बाहेर पडतानाचा डावा कधीही चुकवू नका. तुमच्या बाहेर पडण्याची वाट बघत कुणीतरी उभं आहे आणि त्याला तेवढंच कळायला हवं असतं. चारही दिवे एकदम लावून सरळ जाणाऱ्यांबद्दल मी इथे लिहीत नाही, संपादकांना ती भाषा चालणार नाही.

प्रश्न : मी स्कूटरवर असते. सर्कलला ट्रक किंवा बसशेजारी अडकले की तो अंगावर येतो असं वाटतं. भास आहे का? — स्कूटरवाली

भास नाही. तो खरंच अंगावर येतो, आणि चालवणाऱ्याची त्यात चूक नसते. लांब गाडी वळते तेव्हा मागची चाकं पुढच्या चाकांच्या मागोमाग येत नाहीत, वळणाच्या आतल्या बाजूला सरकून येतात. पुढचा भाग तुमच्यापासून दोन हात लांबून गेला म्हणून तुम्ही निश्चिंत होता, आणि तेवढ्यात मागचं चाक तुमच्या जागेत आलेलं असतं. सर्कलमध्ये हे तीनदा होतं, कारण वळणंच तीन असतात. शिरताना ट्रक डावीकडे वळतो, तेव्हा त्याचं मागचं चाक डावीकडे चेपत येतं. मधल्या गोलाभोवती तो उजवीकडे वळतो, तेव्हा ट्रक आणि मधला कट्टा यांच्यातली जागा खलास होते. बाहेर पडताना पुन्हा डावीकडे. काही सर्कलला मधल्या गोलाभोवती फरसबंदी असते, किंचित उंच, कारसाठी नसलेली. ती या मागच्या चाकांसाठीच ठेवलेली असते.

सगळ्यात वाईट जागा म्हणजे बाहेर पडणाऱ्या ट्रकची डावी बाजू, केबिनच्या मागे. तिथून तुम्ही त्याच्या आरशात नसता आणि तो तुमच्यावर वळत असतो. म्हणून ट्रकच्या शेजारी नको. त्याच्या पूर्ण मागे राहा, किंवा शिरायच्या आधीच त्याला जाऊ द्या. त्याच्या आरशात ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. आणि तुम्ही लेनच्या अगदी कडेने चालता का? बहुतेक दुचाकीवाले चालतात. सर्कलमध्ये तसं करू नका, लेनच्या मध्ये राहा. कडेला गेलात की मागच्या गाडीला वाटतं, इथे आणखी एक जण मावेल.

प्रश्न : हे सगळं इतकं अवघड असेल तर सरळ सिग्नल का लावत नाहीत?

कारण सिग्नलला चुकलं तर माणूस मरतो, सर्कलला चुकलं तर बहुधा बंपर जातो. चार रस्ते नुसते एकमेकांना छेदतात तिथे गाड्यांचे मार्ग एकमेकांना भिडतील असे ३२ बिंदू असतात. एका लेनच्या गोल चौकात ते ८च राहतात. त्यात समोरासमोरची आणि काटकोनातली धडक जवळजवळ निघूनच जाते, उरते ती तिरकी घासाघीस, आणि तीही कमी वेगात. अमेरिकेत सिग्नलच्या आणि थांबा-पाटीच्या चौकांचे गोल चौक केले, तेव्हा जखमी करणारे अपघात साधारण तीन चतुर्थांशाने कमी झाले. इंडियाना राज्यातल्या कार्मेल शहराने तर १०० हून जास्त सर्कल बांधून जवळजवळ सगळे सिग्नल काढून टाकले.

सर्कल सगळीकडेच चांगलं, असं मात्र मी म्हणणार नाही. एका रस्त्यावरून लोंढा येतो आणि बाकीच्यांवरून चार गाड्या, तेव्हा त्या चार गाड्यांना तासभर फट मिळत नाही. तिथे सिग्नल हवाच, निदान गर्दीच्या वेळी. आणि दोन-तीन लेनची भलीमोठी सर्कल मला स्वतःला आवडत नाहीत, कारण लोक आतमध्ये लेन बदलत बसतात. डच लोकांनी यावर १९९०च्या दशकात छान तोडगा काढला : टर्बो राउंडअबाउट. आत लेनच्या मध्ये उंचवटे असतात आणि लेन अशा गुंडाळलेल्या असतात की, तुम्ही शिरताना जी निवडली ती तुम्हाला आपोआप तुमच्या फाट्याला नेऊन सोडते. आत मन बदलायची सोय नाही. माझ्या मनासारखा चौक!

प्रश्न : तुम्ही इतरांना शिकवता, तुम्ही स्वतः कधी सर्कलला ठोकलीये का? खरं सांगा.

खरं सांगते. शिकवायला लागून दोन वर्षं झाली होती. शेजारच्या सीटवर एक नवी विद्यार्थिनी, गाडी मी चालवत होते, कारण मला तिला दाखवायचं होतं की सर्कलमध्ये किती सहज शिरता येतं. पुढे एक गाडी थांबलेली, तिच्या मागे आम्ही. पुढची हलली. मी उजवीकडे बघितलं, छान मोठी फट होती, दोन गाड्या आरामात मावतील एवढी. मी म्हटलं, “हे बघ, असं शिरायचं असतं,” आणि क्लच सोडला. पुढचे गृहस्थ एक हात पुढे जाऊन पुन्हा थांबले होते. मी उजवीकडे बघत बघत त्यांना ठोकलं.

सर्कलच्या तोंडाशी हा अगदी ठरलेला अपघात आहे. पुढचाही उजवीकडे बघतोय, मागचाही उजवीकडे बघतोय, फट दोघांना दिसते, पुढच्याचं मन बदलतं आणि मागच्याला ते कळत नाही. तेव्हापासून मी आणि माझा प्रत्येक विद्यार्थी तोंडाने मोठ्याने म्हणतो, “पुढचा गेला,” आणि मगच उजवीकडे बघतो. गाडीत इतर लोक असले तरी म्हणतो. माझ्या नवऱ्याला आता झोपेतही ऐकू येतं म्हणे.

ते गृहस्थ उतरले. सत्तरीचे असतील. त्यांनी आपला बंपर बघितला, माझा बघितला, मग वाकून माझ्या गाडीच्या मागे लावलेली ड्रायव्हिंग स्कूलची पाटी सावकाश वाचली. मी माफी मागत होते, विद्यार्थिनी रडायच्या बेतात होती. ते शांतपणे म्हणाले, “बाई, ही मागे कशाला लावलीत? पुढे लावा.”